चित्रातील नक्षी आणि अलंकरण: व्यक्तिगत व राजकीय अभिव्यक्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रातली नक्षी म्हणजे मुख्य विषयाभोवतीची भर, असे समजून पुढे जाणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत. खालील प्रश्न त्यांच्याकडून, कलेच्या विद्यार्थ्यांकडून आणि स्वतः नक्षी रंगवणाऱ्यांकडूनही पुनःपुन्हा येतात. उत्तरे देताना एक भूमिका घेतलेली आहे आणि ती आधीच सांगणे योग्य ठरेल. कशाला कला म्हणायचे आणि कशाला नुसती सजावट, हा निवाडा केवळ सौंदर्यदृष्टीने कधीच झालेला नाही. तो करण्याचा अधिकार कोणाकडे होता, यावर नक्षीचा इतिहास फार मोठ्या प्रमाणात ठरला आहे.

आकृतिबंध आणि अलंकरण यांत फरक काय?

एखादा घटक ठरावीक नियमाने पुन्हा पुन्हा आला की आकृतिबंध तयार होतो. तो घटक ठिपका असो, पान असो की नुसती रेघ, महत्त्व पुनरावृत्तीच्या नियमाला असते. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पसरत जाणाऱ्या पुनरावृत्तीचे सममितीच्या दृष्टीने फक्त 17 प्रकार होऊ शकतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फेदोरोव्ह यांनी 1891 साली सिद्ध केले. विणकरांनी आणि भिंती रंगवणाऱ्यांनी त्यांतले अनेक प्रकार त्याआधी कित्येक शतके हाताने वापरले होते. अलंकरण म्हणजे वस्तूला, वास्तूला, वस्त्राला किंवा देहाला शोभा आणि दर्जा देण्यासाठी केलेले काम. त्यात पुनरावृत्ती असेलच असे नाही. चित्रात या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, म्हणून पुढे नक्षी हा शब्द दोन्हींसाठी वापरला आहे.

नक्षीमुळे चित्रात नेमके काय बदलते?

पहिला बदल खोलीचा. छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन यांनी निर्माण केलेला खोलीचा आभास नक्षी मोडते, कारण ती पृष्ठभागाला धरून राहते. दुसरा बदल केंद्राचा. नक्षीने भरलेल्या चित्रात नजरेला थांबण्यासाठी एकच मानाची जागा मिळत नाही आणि माणूस, फुलदाणी, भिंत, गालिचा या सर्वांना जवळपास सारखेच वजन येते.

फ्रेंच चित्रकार हेन्री मातिस यांचे 1908 सालचे लाल खोलीचे चित्र, जे आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, याचे उत्तम उदाहरण ठरते. टेबलावरच्या कापडाचा लाल रंग आणि त्यावरची निळी वेलबुट्टी जशीच्या तशी मागच्या भिंतीवर चढते. टेबल कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे केवळ एका बारीक रेषेवरून कळते. मातिस यांचे बालपण उत्तर फ्रान्समधील बोहें या विणकरांच्या गावात गेले होते, ते आयुष्यभर कापडे जमवत राहिले आणि 1910 साली म्युनिकमध्ये भरलेले इस्लामी कलेचे मोठे प्रदर्शन पाहण्यासाठी मुद्दाम गेले. त्यांच्यासाठी नक्षी हा चित्राचा सांगाडाच होता.

मग नक्षीला इतकी वर्षे कमी का लेखले गेले?

याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. युरोपातील कला अकादमींनी चित्रप्रकारांची उतरंड लावली होती. 1667 साली फ्रेंच कलालेखक आंद्रे फेलिबियाँ यांनी मांडलेल्या क्रमवारीत इतिहास आणि पुराणकथांची चित्रे सर्वांत वर, तर निर्जीव वस्तूंची चित्रे तळाशी होती. नक्षीकाम या उतरंडीत बसतच नव्हते. ते कारागिराचे काम मानले जाई. नक्षीचे बरेचसे काम भरतकाम, विणकाम, गोधड्या आणि भिंतचित्रे या रूपांत स्त्रियांच्या हातून होत असे आणि त्यावर सहसा कोणाचीही सही नसे. निनावी काम, घरातले काम आणि बायकांचे काम या तिन्हींकडे पाहण्याची जी दृष्टी होती, तीच नक्षीच्या वाट्याला आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या दृष्टीला सिद्धान्ताचे बळ मिळाले. व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार अडोल्फ लोस यांनी अलंकरणाची सांगड थेट गुन्ह्याशी घालणारे व्याख्यान दिले आणि 1913 साली ते फ्रेंचमध्ये छापले गेले. त्यांच्या युक्तिवादाची एक बाजू आर्थिक होती आणि ती आजही गांभीर्याने घ्यावी अशी आहे: नक्षीसाठी कारागिराचे तासन्‌तास खर्च होतात, पण त्या श्रमाचा मोबदला त्याला मिळत नाही. मात्र हा मुद्दा त्यांनी ज्या चौकटीत बसवला ती उघडपणे वंशवादी होती. पापुआतील माणूस अंगावर गोंदवून घेतो कारण तो प्रगतीच्या खालच्या पायरीवर आहे, आणि आधुनिक माणसाने तेच केले तर तो गुन्हेगार किंवा अधःपतित ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. नक्षीचा त्याग हीच संस्कृतीच्या प्रगतीची खूण मानली, की जगातील बहुसंख्य समाजांची कला एका फटक्यात मागासलेली ठरते. पुढे आधुनिक कलेच्या समीक्षेत एखाद्या अमूर्त चित्राला सजावटी म्हणणे ही नापसंतीची सर्वांत सोपी रीत झाली. या शेऱ्यामागे हा सगळा वारसा आहे, हे म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसे.

सर्वांच्या वापरातली नक्षी व्यक्तिगत कशी होऊ शकते?

नक्षीतला घटक सामायिक असतो, पण तो कुठे ठेवायचा, किती दाट भरायचा आणि कुठे तोडायचा, हे निर्णय एकट्याचे असतात. व्यक्ती तिथे सापडते.

एद्वार व्युयार या फ्रेंच चित्रकाराची आई घरातच काचोळ्या शिवण्याचा व्यवसाय करीत असे आणि 1928 साली तिचे निधन होईपर्यंत ते तिच्यासोबतच राहिले. कापडांच्या आणि भिंतकागदांच्या गर्दीत वाढलेल्या या चित्रकाराने 1893 साली आई आणि बहीण यांचे एक छोटे चित्र रंगवले, जे आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आई मध्यभागी, काळ्या पोशाखात, गुडघ्यांवर हात ठेवून ऐसपैस बसली आहे आणि तिच्या अंगावर नक्षीचा मागमूस नाही. डावीकडे बहीण भिंतीला चिकटून, चौकटीत मावण्यासाठी वाकल्यासारखी उभी आहे. तिचा चौकड्यांचा पोशाख मागच्या ठिपक्याठिपक्यांच्या भिंतकागदात असा मिसळतो, की ती भिंतीतून बाहेर येते आहे की भिंतीत शिरते आहे हे सांगता येत नाही. त्या घरात जागा कोणी व्यापली होती आणि कोण नाहीसे होत होते, हे चित्रात चेहऱ्यांवरून कळत नाही, ते नक्षीवरून कळते. या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर देणारे चित्र मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण जपानी चित्रकार यायोई कुसामा यांचे. लहानपणापासून त्यांना ठिपके आणि फुलांच्या आकृत्या आजूबाजूच्या सर्व वस्तूंवर आणि स्वतःच्या अंगावरही पसरताना दिसत. 1959 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जाळ्यांची चित्रे प्रथम मांडली. बारीक अर्धगोल फटकाऱ्यांनी कॅनव्हास कडेपासून कडेपर्यंत भरलेल्या त्या चित्रांत सुरुवात किंवा शेवट शोधता येत नाही. 1977 पासून त्या टोकियोतील एका मनोरुग्णालयात स्वेच्छेने राहून जवळच्या स्टुडिओत काम करीत आल्या आहेत. तरीही आजारावरून त्यांच्या सर्व चित्रांचा उलगडा होतो असे मानणे अन्यायाचे आहे. 1959 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कलाविश्वात पुरुषांच्या जोरकस, मोठमोठ्या फटकाऱ्यांचे राज्य होते. तिथे एका जपानी स्त्रीने लहान, एकसारखा, न थकणारा फटकारा निवडला, ही जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका होती.

नक्षी राजकीय केव्हा होते?

जेव्हा ती कोणाचा तरी हक्क सांगते तेव्हा. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. गोव्ह द्वीपकल्पावरील जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी राखीव क्षेत्रातून काढून घेतली गेली तेव्हा तिथल्या मूळ रहिवासी योलंगू लोकांना विचारले गेले नाही. 1963 च्या ऑगस्टमध्ये यिर्कला येथील योलंगूंनी देशाच्या संसदेकडे अर्ज पाठवले. त्यांची भाषा आणि इंग्रजी अशा दोन भाषांत टंकलिखित केलेला मजकूर झाडाच्या सालीवर चिकटवला होता आणि त्याच्या चारही बाजूंनी मातीच्या रंगांत कुळांची नक्षी रंगवली होती. फक्त इंग्रजी वाचू शकणाऱ्या सदस्याला ती किनार शोभेची वाटणे शक्य होते. योलंगूंच्या कायद्यात मात्र प्रत्येक कुळाची नक्षी विशिष्ट भूमीशी आणि तिच्या पूर्वजांशी बांधलेली असते, आणि ती रंगवण्याचा अधिकार त्या भूमीशी नाते असणाऱ्यालाच असतो. म्हणजे मधला मजकूर विनंतीचा होता आणि कडेची नक्षी मालकीचा दस्तऐवज होती. संसदेने चौकशी समिती नेमली, तरी खाण झालीच. 1971 साली न्यायालयातही योलंगू हरले. पण या प्रकरणातून उठलेल्या प्रश्नांमुळे 1976 साली नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींच्या भूमिहक्कांचा कायदा झाला. हे अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात आहेत.

त्याच देशात 1997 साली ग्रेट सँडी वाळवंटातील चाळीसहून अधिक चित्रकारांनी सुमारे 8 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब कॅनव्हास मिळून रंगवला. पाणवठ्यांच्या वर्तुळांनी आणि वाळूच्या टेकड्यांच्या रेषांनी भरलेले हे चित्र त्यांनी भूमिहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडले. प्रत्येकाने आपापल्या भागावर उभे राहून त्या जागेची माहिती दिली. 2007 साली त्यांचा हक्क मान्य झाला.

हक्क केवळ जमिनीचाच असतो असे नाही. बिहारमधील मिथिलेतील भिंतचित्रे 1966-67 च्या दुष्काळाच्या काळात कागदावर आली, त्यात अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे तिथे गेलेल्या भास्कर कुलकर्णी या चित्रकाराचा मोठा वाटा होता. सुरुवातीला नाव मिळाले ते मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ स्त्रियांना आणि त्यांच्या शैलींना. पुढे दुसाध या दलित समाजातील स्त्रियांनी, ज्यांत चानो देवी अग्रभागी होत्या, देवादिकांची ती चित्रे गिरवण्याऐवजी अंगावरच्या गोंदणाच्या आकृत्या कागदावर आणल्या आणि त्यांच्या रांगांतून आपल्या समाजाचा नायक राजा सलहेस याची कथा रंगवली. जी नक्षी आपल्याच त्वचेवर होती ती कोणाकडून उसनी घेण्याची गरज नव्हती. एखाद्या घोषणापत्रात जेवढे राजकारण असते तेवढे या निवडीत आहे.

1970 च्या दशकातील अमेरिकेतील नक्षीची चळवळ काय होती?

1975 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिरियम शापिरो, जॉइस कोझलॉफ, व्हॅलेरी जोडन, रॉबर्ट झकानिच, रॉबर्ट कुशनर, किम मॅक्कॉनेल आदी चित्रकार एकत्र येऊ लागले. एकरंगी चौकोन आणि रिकाम्या पृष्ठभागांना प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात त्यांनी फुले, जाळ्या, भिंतकागद आणि कापडे उघडपणे कॅनव्हासवर आणली. समीक्षक एमी गोल्डिन यांनी त्यांना वैचारिक आधार दिला; 1974 साली कुशनर आणि गोल्डिन यांनी इराणचा प्रवास केला होता. 1978 साली कोझलॉफ आणि जोडन यांनी एका स्त्रीवादी नियतकालिकात लेख लिहून कलालेखनातील प्रतिष्ठित उताऱ्यांचे संकलनच मांडले आणि शुद्ध, पौरुषयुक्त, सुसंस्कृत ही विशेषणे कोणासाठी आणि सजावटी, बायकी, रानटी ही कोणासाठी वापरली जातात हे दाखवून दिले.

शापिरो यांनी हातरुमाल, एप्रन, गोधड्यांचे तुकडे असे स्त्रियांच्या हातचे काम चित्रात चिकटवले. 1976 साली पूर्ण झालेले किमोनो या जपानी पोशाखावर आधारलेले त्यांचे चित्र 52 फूट लांब आहे. घरगुती म्हणून हिणवलेल्या साहित्याला इतिहासचित्राचे आकारमान देणे, हाच त्यातला युक्तिवाद होता.

या चळवळीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिच्यातील बहुतेक चित्रकार गोरे अमेरिकन होते आणि मोरोक्को, इराण, तुर्कस्तान, मेक्सिको येथील नक्षी त्यांनी मोकळेपणाने घेतली. हेतू आदराचा होता, परंतु ज्यांच्याकडून घेतले त्या कारागिरांची नावे या इतिहासातही आली नाहीत.

सुंदर चित्र निषेध कसा करणार? सौंदर्याने वेदना झाकली जात नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि काही चित्रांना तो लागूही पडतो. पण झाकणे आणि उशिरा उघड करणे यांत फरक असतो. पाकिस्तानी चित्रकार इम्रान कुरेशी यांनी 2011 साली शारजा द्वैवार्षिक या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात एका जुन्या घराच्या अंगणात लाल रंग शिंपडला होता. लांबून पाहणाऱ्याला ती कत्तलीची जागा वाटे. जवळ जाऊन वाकल्यावर त्या डागांतूनच लघुचित्रांतली बारीक पाने आणि पाकळ्या फुललेल्या दिसत. लाहोरमध्ये लघुचित्रशैलीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या हातानेच हे शक्य होते. पाने दिसल्यावर रक्त विसरता येत नाही आणि रक्त आठवल्यावर पानांवरून नजर हटत नाही. नुसता लाल डाग असता तर पाहणारा दचकून पुढे गेला असता. पानांमुळे तो वाकतो आणि थांबतो.

जॉइस कोझलॉफ यांनी पुढे नकाशांकडे वळून 2000 साली माणूस आत शिरू शकेल असा गोल तयार केला. त्याच्या आतील 24 भागांवर 1945 ते 2000 या काळात अमेरिकेने बाँब टाकलेल्या प्रदेशांचे हवाई नकाशे रंगवलेले आहेत. आकर्षक रंगांच्या त्या नक्षीत उभ्या असलेल्या माणसाला आपण बाँबफेक्याच्या नजरेने पाहत आहोत हे थोड्या वेळाने समजते.

व्यक्तिचित्रातील मागची नक्षी निव्वळ पार्श्वभूमी असते का?

काही चित्रांत असते. अमेरिकी चित्रकार केहिंदे वायली यांनी रंगवलेल्या, 2018 साली अनावरण झालेल्या बराक ओबामा यांच्या चित्रात मात्र हिरव्या पानांच्या भिंतीतली फुले निवडून घेतलेली आहेत: शिकागोसाठी शेवंती, हवाईसाठी जाई आणि केनियातील पित्यासाठी आफ्रिकी निळी लिली. ही पाने खुर्चीच्या पायांवरही चढतात आणि राष्ट्राध्यक्षाचे चित्र त्याच्या पदापेक्षा त्याच्या वाटचालीविषयी बोलू लागते. त्याच वेळी अनावरण झालेल्या मिशेल ओबामा यांच्या चित्रात एमी शेराल्ड यांनी पार्श्वभूमी मोकळी ठेवून नक्षी पोशाखावर आणली. त्या पोशाखातील भौमितिक आकार त्यांना अलाबामातील जीझ बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांची आठवण देणारे वाटले होते.

नक्षी नेहमी दुर्बलांच्याच बाजूने असते का?

मुळीच नाही. राजवाडे, राजमुद्रा आणि लष्करी गणवेश यांच्याइतका अलंकरणाचा वापर कोणीच केलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील न्देबेले समाजाने 1883 साली बोअर (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) सैन्याकडून पराभूत होऊन जमीन गमावली, आणि त्या समाजातील स्त्रियांनी घरांच्या भिंतींवर रंगवलेली नक्षी ही विखुरलेल्या लोकांची ओळख टिकवणारी खूण झाली. मात्र पुढे वर्णभेदी राजवटीने हीच रंगीत घरे पर्यटकांपुढे मांडली, कारण वेगवेगळ्या जमातींनी वेगवेगळे राहावे या तिच्या धोरणाला ते चित्र सोयीचे होते. या परंपरेतील एस्थर म्हालांगू यांनी लहानपणी आई आणि आजीकडून घेतलेली कला 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नेली आणि स्वतःच्या नावाने जगासमोर ठेवली. तीच नक्षी, पण ती दाखवणारे हात बदलल्यावर तिचा अर्थही बदलला.

ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनीबारे यांचे काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आफ्रिकी म्हणून ओळखले जाणारे भडक छापील कापड मुळात इंडोनेशियातील बाटिकची डच कारखान्यांनी केलेली यांत्रिक नक्कल होती. एकोणिसाव्या शतकात ती पश्चिम आफ्रिकेत विकली गेली आणि तिथल्या लोकांनी ती आपलीशी केली. 1994 साली शोनीबारे यांनी कॅनव्हासऐवजी हेच कापड चौकटींवर ताणून त्यावर रंगकाम केले. अस्सल परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी या कापडाचा प्रवास जरूर समजून घ्यावा.

दुसऱ्या समाजाची नक्षी आपल्या चित्रात वापरावी का?

देवाणघेवाण झाली नसती तर नक्षीचा इतिहासच झाला नसता, म्हणून सरसकट मनाई करण्यात अर्थ नाही. परंतु काही नक्षींना मालक असतात आणि काही नक्षी सर्वांनी पाहण्यासाठी नसतातच. मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या येथील आदिवासी चित्रकारांनी 1971 पासून बोर्डांवर चित्रे रंगवायला घेतली, तेव्हा दीक्षा घेतलेल्यांपुरती मर्यादित असलेली चिन्हे उघड झाल्याबद्दल इतर गटांनी हरकत घेतली. त्यानंतर ठिपक्यांचे थर अशी चिन्हे झाकण्यासाठीही वापरले जाऊ लागले. 1994 साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने आदिवासी चित्रकारांच्या रचना परवानगीविना गालिच्यांवर विणून विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. भरपाई ठरवताना पवित्र आकृती पायदळी जाण्याने चित्रकारांना झालेला सांस्कृतिक मनस्तापही न्यायालयाने विचारात घेतला.

घेण्याआधी ही नक्षी कोणाची, ती अजून कोणी जगत आहे का आणि तिच्याबद्दल मोबदला किंवा निदान नाव कोणाला मिळणार, हे विचारावे. उत्तर मिळत नसेल तर न घेणे बरे.

प्रत्येक आकाराचा ठरलेला अर्थ असतो का?

काही परंपरांत असतो, पण तिथेही तो पाहणाऱ्याच्या अधिकारानुसार बदलतो. वर्तुळ म्हणजे अमुक आणि नागमोडी रेघ म्हणजे तमुक अशा याद्यांवर विसंबू नये.

छायाचित्रावरून किंवा पडद्यावर पाहून अशी चित्रे समजतात का?

रचना समजते, परंतु आकार आणि हात समजत नाहीत. 52 फुटांचे चित्र बोटभर उंचीच्या प्रतिमेत पाहिले की ते खरोखरच सजावटीचा पट्टा दिसू लागते, आणि कुसामा यांची जाळी छापील कागदासारखी एकसुरी वाटते. प्रत्यक्ष चित्र पाहण्याची सोय नसेल तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील मोठ्या प्रतिमा वाढवून कडेचा भाग आधी पाहावा. नियम कुठे मोडला, रंग कुठे संपत आला आणि पुन्हा भरला, ओळ कुठे वाकली, हे तिथे सर्वांत आधी सापडते. त्यासोबत चित्राची मापे वाचून तेवढी लांबी-रुंदी खोलीच्या भिंतीवर मोजून पाहावी.